विहीणबाईंचं काळं भांडं

४ मार्च
मुलाने ऑफिसात मिळालेली डायरी मला दिली. म्हणाला, दिवसभर बोलतेस ते थोडं यात बोल. किती काळजी माझी! शाळा चौथीत सुटली, पण अक्षर चांगलं आहे असं शाळेतल्या बाई म्हणायच्या. निदान एकदा म्हणाल्या होत्या.

तर, इथे येऊन आठवडा होत आला. सुनेची आई यांच्याकडेच राहायची, घर तीच बघायची. ती गेली. वाईट झालं. म्हणून मी आले. तसं कुणी बोलावलं नाही, पण दुःखात माणसाला सुचतं का बोलावणं? बॅग घेऊन दारात उभी राहिले तर सुनेच्या तोंडून शब्द फुटेना. इतका आनंद.

स्वयंपाकघर मात्र अजून विहीणबाईंचंच. डबा उघडावा तर झाकणावर त्यांच्या अक्षरात नाव आणि माप. खुंटीवर त्यांचा एप्रन, पोटाशी अजून फुगलेला. मी भीत नाही. फक्त त्याच्याकडे पाठ करत नाही.

संकल्प: हे स्वयंपाकघर माझं करायचं. गोडीगुलाबीने.

६ मार्च
शत्रू सापडला. ओव्हनच्या पोटात बसलं होतं. काळंकुट्ट चौकोनी भांडं, दोन हातांनी उचलावं लागतं. सून त्याला स्टोनवेअर म्हणते. म्हणजे मातीच, पण भाजून भाजून दगड केलेली. मी नाव ठेवलं दगडूबाई. विहीणबाई यात पाव भाजायच्या, वरून लोणी आणि लसूण. भांड्याचा मूळ रंग म्हणे सायीसारखा होता. आता जुन्या तव्यालाही लाजवील. आणि बुडाशी एक डाग आहे तो हुबेहूब विहीणबाई. चष्मा, अंबाडा, सगळं.

आता सुनेचं सांगते. ऑफिसातून येते, पर्स खांद्यावरच, सरळ ओव्हन उघडते आणि त्या भांड्यात तोंड घालून वास घेते. मग तशीच वाकून राहते. डोळे भरून येतात. मी लगेच ओळखलं. वास सहन होत नाही बिचारीला! पण आईचं भांडं, टाकवत नाही, आणि सांगणार कुणाला? सुनेच्या मनातलं मला न सांगता कळतं. भांडं लखलखीत करून तिच्यापुढे ठेवायचं. मग बघू या घरात नाव कुणाचं निघतं.

७ मार्च
साबणाच्या पाण्यात दगडूबाईला दिवसभर बुडवून ठेवलं. फेस असा की नुसता ढग. संध्याकाळी त्यातच पाव भाजला. मुलगा पहिला घास घेऊन म्हणाला, छान, आता आंघोळ वेगळी करायला नको. आईची थट्टा करायची सवय त्याला लहानपणापासून.

सून मागाहून हळूच येऊन म्हणाली की या मातीला बारीक छिद्रं असतात, ती साबण पिऊन घेते, तेव्हा कृपा करून साबण नको. म्हणजे स्वच्छ करा, पण साबणाने नको. पद्धत चुकली, हेतू मान्य! किती समजूतदार पोर.

९ मार्च
मीठ, लिंबू, खायचा सोडा, तारेची घासणी. कोपरं भरून आली पण हटले नाही. काळ्याचं तपकिरी झालं. विहीणबाईंचा अंबाडा गेला, चष्माही गेला. मला इतका हर्ष झाला की सिंकपाशीच गाणं म्हटलं.

मग सुकायला ओव्हनमध्ये ठेवून बटण फिरवलं. आत भांडं रिकामं, हे मी शपथेवर सांगते. थोड्या वेळाने लसणाच्या पावाचा वास! आधी बारीक, मग घरभर. आतल्या खोलीतून नात धावत आली. विहीणबाईंना ती पावाची आजी म्हणायची. दाराआड पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, आणि विचारलं, पावाची आजी आली का. मी म्हटलं, अगं मी आहे ना आजी. तर म्हणते, तू नाही गं. मुलं फार स्पष्ट असतात, म्हणून तर गोड.

ओव्हन उघडला. दगडूबाईला घाम फुटलेला. तेलाचे थेंब आतून वर आलेले, काळे काळे. आणि बुडाशी विहीणबाई परत. अंबाडाही परत.

मी भीत नाही. जरा बाल्कनीत बसले एवढंच.

१० मार्च
ठरवलं, समोरासमोर बोलायचं. घरात कुणी नव्हतं. ओव्हनपुढे स्टूल घेऊन बसले आणि म्हटलं, हे बघा विहीणबाई. लग्नाच्या फोटोत तुम्ही पुढे उभ्या राहिलात, मी मागे नुसतं एक कपाळ. मी काही बोलले का? नातीला तुम्ही वाढवलंत, मी फोनवर पाहिली. तेव्हाही गप्प. आता तुम्ही गेलात ना? मग जा की.

ओव्हनमध्ये टक् झालं.

मी म्हटलं, ठीक आहे, भाजी घेऊन येते. पिशवी न घेताच गेले. कोबी पदरात आणला.

संकल्प: भांड्यांशी बोलायचं नाही.

१३ मार्च
वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड नर्सबाई राहतात. विहीणबाईंची मैत्रीण. चहाला आल्या. कोपरं पाहून विचारलं काय झालं. सांगितलं. बाई कप खाली ठेवून भाषणच द्यायला लागल्या. त्या भांड्याला कसं जपायच्या तुमच्या विहीणबाई! आधी पूर्ण गार होऊ द्यायच्या, मग नुसतं कोमट पाणी, लाकडी उलथनं, पुसून कोरडं. तापलेल्यावर गार पाणी कधी नाही, तडकतं. काळं होतं ते मळ नव्हे, मुरलेलं तेल, त्यामुळे पाव चिकटत नाही. ते घासून जात नसतं. जायचंच असेल तर ओव्हन फुल्ल करून दुपारभर रिकामं जाळावं लागेल, पण असं कोण वेडं करील.

मी म्हटलं, खरंच, कोण करील. आणि मनात पक्कं धरलं. ओव्हन फुल्ल, दुपारभर, रिकामं. बाई फार उपयोगी आहेत. बोलतात जास्त.

१४ मार्च
आज सून पहिल्यांदाच माझ्याजवळ बसून बोलली. मी लसूण सोलत होते, तीही सोलायला लागली. म्हणाली की फोनमध्ये आईचा आवाज आहे, पण तो ऐकला की आई अजून लांब जाते. मग ओव्हनकडे पाहत म्हणाली, "भांड्याचा वास घेतला की ती माझ्या मागे येऊन उभी राहते. तेवढंच आता राहिलंय."

म्हणजे हिलाही जाणवतं! पोर झपाटलीय, आणि मी आपली लिंबं पिळत बसले होते. आता एक दिवसही थांबायचं नाही. एक दिवस थांबते, उद्या सगळे घरी आहेत.

१६ मार्च
मुलगा, सून कामावर, नात शाळेत. ओव्हन फुल्ल केला.

आधी वास आला. पावाचाच, पण असा दाट की चावावा. किती वर्षांचे पाव एकदम भाजले जात होते. मग धूर. निळा, खोलीखोलीतून फिरायला लागला. नातीच्या खोलीत गेला, सुनेच्या कपाटापाशी घोटाळला. छतावरचा धुराचा भोंगा किंचाळायला लागला. मी पदर नाकाला लावून खिडक्या उघडत सुटले आणि वरून नर्सबाई जिन्यातून ओरडत आल्या, काय जळतंय. मी म्हटलं, काही नाही, सफाई.

धूर शेवटी खिडकीतून जायला लागला. मी झडप धरून उभी होते. तोंडातून आपोआप निघालं, सावकाश जा हं. का म्हटलं कोण जाणे. भोंग्याने माणूस गोंधळतो.

दगडूबाई गार झाली ती पांढरीशुभ्र. बगळा! डाग नाही, घाम नाही. मी जिंकले. मन इतकं भरून आलं की जेवलेच नाही.

१६ मार्च, संध्याकाळ
भांडं टेबलावर मधोमध मांडलं. सून आली, ओव्हन उघडला, आत काही नाही. मी टेबलाकडे बोट केलं. तिने विचारलं, नवीन कधी आणलं. मी म्हटलं, अगं नवीन कसलं, तेच ते!

तिने दोन्ही हातांनी उचललं. तोंड आत घातलं. मग फिरवून एकेका कोपऱ्याचा वास घेतला. मग इतक्या हलक्या हाताने खाली ठेवलं, जणू आत कुणी झोपलंय. "छान निघालंय," म्हणाली. बाथरूममध्ये गेली. नळ बराच वेळ चालू होता.

माणूस आनंदानेही रडतो.

वरचं वाक्य मी खोडलं होतं, परत लिहिलं.

१९ मार्च
पाव बुडाशी असा चिकटला की सुरीने खरवडला. मुलाने थट्टा केली नाही. सुनेने उरलेला खाल्ला आणि बरा आहे म्हणाली. आता ती आली की पर्स खुंटीला अडकवते, हात धुते, मला चहा विचारते. ओव्हनकडे बघत नाही. बघा, झपाटणं उतरलं. नॉर्मल झाली.

दुपारी घर फार शांत असतं. ओव्हनपुढे स्टुलावर बसून एक-दोनदा बोलून पाहिलं. फोटोचं पुन्हा काढलं, मुद्दाम, चिडाव्यात म्हणून. कुणी टक् केलं नाही.

२० मार्च
संकल्प: भांडं परत काळं करायचं. मला काय कठीण! तेल चोळायचं, तापवायचं, पुन्हा चोळायचं. आठवड्यात होईल.

२७ मार्च
पिवळं झालंय. चिकटही.

पण आज पाव चांगला फुगला. लोणी, लसूण, सगळं विहीणबाई घालायच्या तसं, डब्यावरचं वाचून. ती यायच्या वेळेला बरोबर भाजून निघाला. वास दारापर्यंत गेला.

कुलूप उघडल्याचा आवाज आला. चप्पल काढल्याचा आला नाही. ती धावत आली, चपलांसकट, पर्स खांद्यावर, आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली. तो चेहरा मी आजवर पाहिला नव्हता. लहान मुलीचा होता. मी ओव्हनपाशी वाकले होते, पाठ तिच्याकडे. वळले.

"अच्छा, तुम्ही आहात होय," म्हणाली.

हो म्हटलं. मीच.