फलकावरचा उजवा पाय

मी, खाली सही करणारी, पोस्टाच्या खिडकीवरून निवृत्त झालेली विधवा बाई, वय वर्षे त्र्याहत्तर. माझं डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही; लोकांचं ऐकायची सवय मला कधीच नव्हती. माझ्या मागे माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

१. राहतं घर मुलाला. अट कलम चारमध्ये आहे. ती वाचल्याशिवाय त्याने रंगाऱ्याला बोलावू नये.

२. बैठकीतली हातांची खुर्ची धाकट्या जावेला. माझा डावा पाय लग्नाआधीच गुडघ्याखाली गेला होता. घरात चार माणसं जमली की ही बाई मला त्या खुर्चीत बसवून मोठ्याने म्हणायची, "तुम्ही उठू नका हो ताई, तुमचं ते तसं." आता तिचे गुडघे गेलेत. खुशाल बसावं.

३. कपाटावरचा माझा पहिला नकली पाय खोक्यासकट, जिथून घेतला त्या दुकानदाराला परत द्यावा. खोक्यावर छापलंय, 'कळणारसुद्धा नाही!' रंग एकच मिळायचा, माझ्यापेक्षा चांगला दोन हात उजळ. साहेबांनी मला खिडकीच्या आत बसवलं, मी पायघोळ कपडे घातले, तरी सगळ्यांना कळायचं. लग्न ठरताना मीच सगळं सांगितलं, तर नवरा म्हणाला, "मी घोरतो, ते तरी तुला कुणी सांगितलं?" पुढे जन्मभर म्हणायचा, "बायकोचा एक पाय तरी गोरा मिळाला." त्याची फार आठवण येते.

४. आता त्या दुकानावर जुन्या मालकाचा मुलगा बसतो. त्याचं म्हणणं, 'लपवू नका, मिरवा!' त्याने माझा काळा चकचकीत नवा पाय लावून फोटो काढला आणि चौकात फलक लावला. सुरकुत्या पुसल्या, आणि फोटो उलटा छापला. माझा डावा पाय गेलाय, फलकावर उजवा. तेव्हापासून दूधवाला माझ्या धडधाकट पायाकडे बघून हळहळतो.

दोन वर्षांपूर्वी अपघातात माझ्या नातीचाही पाय गेला. दुकानदार तिला जन्मभर फुकट पाय द्यायला तयार आहे. बदल्यात दरवर्षी पळतानाचे फोटो. मुलगा म्हणाला, "आई, जग बदललंय, आता लाज कुणाला वाटते?" नात माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "आजी, दोन्ही पाय होते तेव्हा तरी मी कधी पळाले होते गं?" आणि रडली. मला भयंकर राग आला. अजून आहे.

सबब, तिचा आत्ताचा पाय मी विकत घेऊन दिला आहे. पुढचे सगळे पाय माझ्या ठेवींतून आणि पुढच्या खोलीच्या भाड्यातून घ्यावेत. पाय कसला घ्यायचा, कातडीच्या रंगाचा की चकचकीत, ते तिने ठरवावं. मुलाने तिच्या फोटोच्या करारावर सही केली, तर घर त्याचं नाही, नातीचं. माझा फलक मात्र मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी उतरवावा. माझ्या पश्चात माझा कुठलाच पाय विकाऊ नाही.

५. मला नेताना पाय लावू नये. तो नातीनेच काढावा. रोज झोपताना आम्ही दोघी एकाच पलंगावर बसून आपापले पाय काढतो, तिला पट्टा माहीत आहे. चादरीखाली उशी कोंबून आकार आणू नये. डावीकडे चादर सपाट पडेल, ती पडू द्यावी. त्या दिवशी नातीने पाय लावून यावं की कुबड्यांवर, हे तिला कुणीही, अगदी प्रेमानेसुद्धा, सांगू नये.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल.
तारीख: वकीलबाईंनी वर शिक्का मारला आहे तीच.
सही: (स्वहस्ते)

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही:
१. वकीलबाई.
२. दूधवाला. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "म्हणजे डावा होय?" मी पाय काढून टेबलावर ठेवला. मग त्याने सही केली.