मावशीला विकायला काढल्याची हकीकत

चि. चिमण यास,

काकाचा पाठीत एक सणसणीत धपाटा आणि मग पोटभर आशीर्वाद. (धपाटा तीन महिने पत्र न पाठवल्याबद्दल.) सूनबाईचा खोकला थांबला असेल आणि तुझं पोट आणखी पुढे आलं असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं ठीक. फक्त माझा गुडघा माझं ऐकत नाही. पण या घरात तसं कोणीच ऐकत नाही, मग त्या बिचाऱ्यालाच काय बोलायचं!

तुला माहीतच आहे, तीन पिढ्या आपण घोडे घेतले आणि विकले, पण खोड लपवून जनावर गळ्यात मारलं असं आपल्याला कोणी तोंडावर म्हणू शकलेलं नाही. बाजारात लोक म्हाताऱ्या घोड्याचे दात कानशीने घासून त्याला तरुण करायचे, आणि तुझे आजोबा गिऱ्हाइकाला मांडीवरचा वण दाखवून सांगायचे की हा लाथ मारतो, ती इथे बसते. त्यांचा मी मुलगा! अजून बाजारातून चालत गेलो तर दलाल उठून उभे राहतात. (एकदा एक जण बसूनच राहिला, पण त्याची कंबर धरली होती.)

आता त्या गुडघ्यामुळे माझी रपेट बंद झाली आणि तुझ्या काकूने वर्षभर एकच धोशा लावला, की तबेला रिकामा करा. उरली होती फक्त आपली घोडी, तुम्ही मुलं जिला मावशी म्हणायचात ती. मी काकूला शब्द दिला आणि मावशीला विकायला काढलं. अकरा गिऱ्हाइकं आली, अकराही परत पाठवली. एकाने तिच्या तोंडासमोर छत्री उघडली. एकाला तर पाहुण्यांच्या फोटोसाठी ती फाटकात उभी करून ठेवायची होती. मावशीला! त्याला मी चहासुद्धा विचारला नाही.

काल मात्र बारावी आली, आणि पंचाईत झाली. तुझ्याच गावात नवीन आलेली जनावरांची डॉक्टरीण. चष्मा, जाड बूट, हातात वही. डोंगरावरच्या वस्त्यांना गाडी जात नाही, म्हणून तिला शांत घोडी हवी. आल्या आल्या खुरं पाहिली, दात पाहिले, ओंजळीत चणे धरले. मी आपल्या रिवाजाप्रमाणे सगळ्या खोडी सांगितल्या: ओढ्याच्या मधोमध थांबते, शिटी वाजवली की रुसते, दोरीवरचे वाळत घातलेले कपडे चावते. ती बाई शांतपणे लिहून घेत होती आणि प्रत्येक खोडीला म्हणत होती, चालेल. अरे, चालेल काय! नाही म्हणायला कारणच सापडेना. मग माझ्या तोंडून निघून गेलं, की ती मागच्या उजव्या पायाने लंगडते. तिने पाय उचलून चाचपला, घोडीला दोन फेऱ्या पळवलं आणि म्हणाली, "काका, हिचा पाय तुमच्या गुडघ्यापेक्षा बरा आहे." मी म्हटलं, डाव्या डोळ्याने दिसत नाही. तेवढ्यात त्या कृतघ्न घोडीने बाईच्या डाव्या खिशातलं गाजर अचूक ओढून काढलं. मला इतकी लाज वाटली की विचारू नकोस. तरी मान ताठ ठेवली हो!

कळावे, लोभ आहेच; पत्रं तेवढी वाढवावीत.

तुझा काका

ता. क. ती बाई तुझ्याकडे येईल. घोडी तुझी आहे आणि तुला विचारल्याशिवाय मी विकू शकत नाही, असं मी तिला सांगून बसलोय. तू ठणकावून सांग, की माझीच आहे आणि विकायची नाही. एवढं एक खोटं काकासाठी बोल.

ता. क. २. काकूला यातलं अक्षर कळता कामा नये.

ता. क. ३. चिमण, मी काकू. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणजे वाचायलाच दिलंय. तुला खोटं बोलावं लागणार नाही. डॉक्टरीणबाई जाताना मागच्या दारी पाणी प्यायला आल्या, तेव्हा मीच त्यांना म्हटलं, की घोडी माझी आहे आणि मला विकायची नाही. त्या हसल्या आणि वही मिटून गेल्या. परवा हे घोडीला खरारा करताना तिच्याशी बोलत होते, ते मी खिडकीतून ऐकलं. तासभर! चाळीस वर्षांत माझ्याशी कधी इतकं बोलले नाहीत, म्हणून आधी मला रागच आला. मग म्हटलं, ती गेली तर हे कोणाशी बोलतील? माझ्याशी! नको रे बाबा.