खालचा डावा कोपरा

हूमत सूक, जेर्बा बेट
२ ऑक्टोबर

प्रिय हमादीभाईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

दर रविवारी तू फोन करतोस आणि मी सगळं ठीक असल्याचं सांगते, कारण फोन ज्या खोलीत आहे त्याच खोलीत तुझा मेव्हणा सासीही बसलेला असतो. त्याची जीभ जड झाली असली तरी कान मांजराचे आहेत. म्हणून हे पत्र. भाड्याची गाडी चालवणारा जल्लूल उद्या स्फाक्सला निघतो, त्याच्या हाती देत आहे. उत्तरही त्याच्याच हाती पाठव, आणि फोनवर यातला एक शब्द काढू नकोस.

राजधानीतल्या डॉक्टरांनी अखेर आजाराला नाव दिलं. नाव फ्रेंच आणि लांबलचक आहे, अर्थ मात्र आखूड. स्नायू एकेक करून काम सोडतील. आधी आवाज, मग हात, मग श्वास. बुद्धी शेवटपर्यंत लख्ख राहील, असंही ते म्हणाले, जणू काही बक्षीसच देत आहेत. पुढे एक दिवस असा येईल की गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल आणि श्वास यंत्रच घेईल. ते यंत्र इस्पितळात असतं. घरी येत नाही. नळी हवी की नको हे बोलता येतंय तोवरच बायकोला सांगून ठेवा, असं त्यांनी सासीला बजावलं. सासीने टोपी चढवली, तुमच्याकडे मासे कुठून येतात अशी चौकशी केली आणि बाहेर पडला. बसमध्ये मी विचारलं तर म्हणे, वेळ आली की सांगेन, आत्तापासून कशाला बोली लावतेस.

त्याला तू मासळी बाजारात पाहिलं आहेस. लिलावाच्या त्या उंच खुर्चीवर बसून, खजुरीच्या दोरीत ओवलेली बोईट माशांची माळ उंचावून तो हाळी द्यायचा तेव्हा बंदरावरची माणसं माना वळवायची. परवा त्याने भाव पुकारला आणि खालच्यांनी काय म्हणालात म्हणून विचारलं. पुन्हा पुकारला, पुन्हा विचारलं. तो खुर्चीवरून उतरला. नंतर चढलाच नाही.

भाई, वेळ येईल तेव्हा सांगायला त्याच्याकडे जीभ नसेल, आणि मला विचारतील. मी काय सांगू? काही सुचतं का, मास्तर?

वहिनीला सलाम. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी
मबरूका


स्फाक्स
१५ ऑक्टोबर

चि. मबरूकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून पहिला दिवस मी नुसता गच्चीवर बसून काढला. पण घराला आग लागली तरी मी आधी ज्वलनाची कारणं समजावेन, असं तूच म्हणतेस ना? तर आता ऐक, क्रमाने सांगतो.

जल्लूलकडे एक पुठ्ठ्याची पेटी दिली आहे. तिच्यात एक लहान टॅब्लेट आहे. तुझ्या दोन तळहातांएवढा, आणि वजनाला इतका हलका की दुबळ्या हातालाही पेलावा. माणसाने लिहिलेलं बोलून दाखवणारी यंत्रं आहेत, पण ती सगळी बातम्या देणाऱ्यांच्या ग्रांथिक अरबीत बोलतात. सासीने पाणी मागितलं तर कुठेतरी युद्ध पेटलं असं शेजाऱ्यांना वाटेल. म्हणून मी दुसरी युक्ती योजली आहे, आणि ती खरोखर सुंदर आहे! पडद्यावर नऊ चौकोन आखले आहेत. प्रत्येक चौकोनात सासीने आजच, आवाज आहे तोवर, एकेक वाक्य स्वतः बोलून ठेवायचं. पुढे चौकोनाला बोट लावलं की त्याचाच आवाज येईल.

वस्तू जुनी आहे, त्यामुळे दोष लपवत नाही. एक, आवाज एकाच बाजूने येतो. दोन, उन्हात पडदा नीट दिसत नाही. तीन, पडद्याचा खालचा डावा कोपरा कधी स्पर्श ओळखतो, कधी ओळखत नाही. हे तिन्ही दोष मी किरकोळ मानतो. पहिल्यासाठी यंत्र कानाकडे वळवावं, दुसऱ्यासाठी सावलीत धरावं, आणि तिसऱ्यासाठी तो चौकोन रिकामा सोडावा. उरलेल्या आठांची वाक्यं मी सोबत लिहून दिली आहेत: पाणी, दुखतंय, कुशीवर वळव, थंडी वाजते, हो, नाही, अशी. 'हो' वरच्या उजव्या कोपऱ्यात ठेवलं आहे.

दुकानदार माझा जुना विद्यार्थी आहे. जानेवारी संपेपर्यंत परत घेईन किंवा बदलून देईन, असं त्याने मान्य केलं आहे. तेव्हा वापरून पाहा आणि ठेवावा की नाही ते निःसंकोच कळव.

सासीला आलिंगन. प्रकृतीची हेळसांड न करता भावावर असाच जीव लावावा, ही इच्छा.

तुझा
हमादी


हूमत सूक
९ नोव्हेंबर

प्रिय हमादीभाईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

पेटी पोचली. सासीने ती उघडली, यंत्राचा वास घेतला आणि हे ताजं नाही म्हणून जाहीर केलं. तुझी आठ वाक्यं वाचून मात्र तो चिडला. म्हणे, तुझ्या भावाने मला उरलेल्या आयुष्यासाठी आठ वाक्यं मंजूर केली आहेत, एवढी तर मी लिलावात एका माकुळ माशावर उधळायचो. तरीही बोलला बिचारा. एकेक शब्द दगड उचलावा तसा उचलून ठेवला. 'कुशीवर वळव' म्हणताना मध्येच हसू आलं, तर तेही त्यात राहून गेलं. मी म्हटलं, पुन्हा बोल. तो म्हणाला, राहू दे, वळवताना तुला ऐकायला बरं वाटेल.

नववा चौकोन रिकामा का, असं त्याने विचारलं. मी तुझा तिसरा दोष सांगितला. बराच वेळ त्या कोपऱ्याकडे पाहत राहिला. हल्ली अंगणात काठ्यांनी ऑलिव्ह झोडायचं काम चालू आहे. मी बाहेर असले की तो यंत्र मांडीवर घेऊन त्या कोपऱ्यावर डावा अंगठा दाबत बसतो. तिथे काही नाही म्हणून ओरडले तर मला हाताने उडवून लावतो.

नळीचं अजून बोलत नाही. मी पुन्हा विचारलं तर गप्प बसला. आमच्या घरचा कायदा तुला ठाऊक नसेल. बाजारात पुकारलेल्या भावावर कोणी तोंड उघडलं नाही की सौदा पक्का. मागाहून कितीही कुरकुरा, कोणी ऐकत नाही. घरातही तेच. मी विचारायचं, तो गप्प राहिला की होकार. बैठकीतला लाल गालिचा मी असाच घेतला, आणि तो अजून त्याबद्दल टोमणे मारतो. पण हा काही गालिचा नाही. या प्रश्नाला त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ मी काय लावायचा?

दोषांचं विचारशील तर ऊन आणि आवाज यांचं जमवून घेतलं. कोपरा मात्र आता जवळजवळ मेलाच आहे.

इकडची काळजी करू नकोस, म्हणजे करशीलच, पण थोडी कमी कर. जीव लावून राहा.

तुझी
मबरूका


स्फाक्स
२० नोव्हेंबर

चि. मबरूकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी तुझ्या वहिनीला दोनदा वाचून दाखवलं. सासीचं हसू यंत्रात राहिलं, यापरते समाधान नाही.

कोपऱ्याविषयी सविस्तर सांगतो. ही काच दाब ओळखत नाही. बोटातून वाहणारी अतिसूक्ष्म वीज ओळखते. काचेखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरलेले असतात, आणि त्यातला एखादा तुटला की तेवढा तुकडा आंधळा होतो. जोर लावून उपयोग नाही. उलट कोरडं बोट किंचित ओलं केलं तर उरलेले धागे चटकन ओळखतात. हे सासीला समजावून सांग, त्याला मौज वाटेल. सर्व बाजूंनी विचार करता, नऊपैकी आठ चौकोन निर्दोष असलेली वस्तू ठेवण्याजोगी आहे, असं माझं मत आहे. कोपरा किरकोळ समज.

राहिला नळीचा प्रश्न. तो तू त्याला स्पष्ट विचार. 'हो' आणि 'नाही' हे दोन्ही चौकोन त्यासाठीच आहेत.

पत्रास विलंब करू नये, आणि या म्हाताऱ्याच्या बडबडीवर लोभ कायम ठेवावा.

तुझा
हमादी


हूमत सूक, इस्पितळातून
७ जानेवारी

प्रिय हमादीभाईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

फोनवर मी एवढंच सांगितलं की सासीला नळी घातली आणि तो जिवंत आहे. बाकीचं तिथे बोलता आलं नाही. तो बाजूलाच होता.

तुझा सल्ला मानून मी विचारणारच होते. पण डिसेंबरमध्ये उजवा हात गेला, मग डावाही खांद्यापासून लोंबू लागला, आणि दर दिवशी वाटायचं, आजचा दिवस बरा गेला आहे, आज नको. मग शुक्रवारी दुपारी सूप भरवताना त्याला ठसका लागला आणि श्वास परत येईना. इस्पितळात पोचलो तेव्हा ओठ काळे पडले होते. डॉक्टरांनी विचारलं, नळीबद्दल याची काय इच्छा आहे? मी सांगितलं, त्यालाच विचारू. तुझं यंत्र त्याच्या डाव्या हाताखाली सरकवलं आणि कानात ओरडून विचारलं की सासी, नळी घालू का?

त्याचा अंगठा हलला. पण 'हो' आणि 'नाही' दोन्ही वरच्या ओळीत, तिथवर तो कसा पोचणार? अंगठा खालीच, त्या मेलेल्या कोपऱ्यावर पडला. आवाज आला नाही. डॉक्टर घड्याळाकडे पाहत होते. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तोच कोपरा, पुन्हा काही नाही. आणि भाई, मला बाजार आठवला. पुकारलं, कोणी बोललं नाही, सौदा पक्का. मी होकार धरला आणि डॉक्टरांच्या कागदावर सही केली.

आता तो यंत्रावर श्वास घेतो. डोळे मिटतो ते उत्तर म्हणून की थकून, ते कळत नाही. एक अंगठा तेवढा हलतो आणि तो सारखा त्याच कोपऱ्यावर दाबत राहतो. परिचारिका म्हणते, ती नसांची थरथर आहे. तुला काय वाटतं?

घरी ऑलिव्हचं तेल तसंच पडून आहे. आठवण ठेव.

तुझी
मबरूका


स्फाक्स
१३ जानेवारी

चि. मबरूकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी स्वतःला दोष देणं थांबव. तू नवऱ्याचा जीव वाचवलास.

अंगठ्याचं कारण उघड आहे. मनगट दुबळं झालं की तळहाताचं वजन अंगठ्याला खाली आणि आत ओढतं. डाव्या हाताच्या बाबतीत ती जागा म्हणजे नेमका खालचा डावा कोपरा. यात इच्छा शोधू नकोस, हे नुसतं वजन आहे. आणि उपाय तर किती सोपा आहे, हे मला आधी सुचलं कसं नाही! टॅब्लेट उलटा धर, वरची बाजू खाली. चित्र आपोआप फिरून सुलट होईल. काचेचा मेलेला कोपरा वर उजवीकडे जाईल, आणि सासीच्या अंगठ्याखाली धडधाकट काच येईल. मग तो खालचा रिकामा चौकोन आपण त्याला हव्या त्या शब्दासाठी वापरू शकू.

आणखी एक आनंदाची गोष्ट. दुकानात तसाच एक नवा टॅब्लेट आला आहे, अगदी निर्दोष. महिना संपायच्या आत जुना जल्लूलकडे दिलास तर विनातक्रार बदलून मिळेल. ठेवायचा की बदलायचा, तेवढं कळव.

धीर धर. तुझ्या पत्राची वाट पाहण्यातच सध्या माझा सगळा लोभ एकवटला आहे.

तुझा
हमादी


हूमत सूक, इस्पितळातून
१९ जानेवारी

प्रिय हमादीभाईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

यंत्र उलटं धरलं. तू सांगितलंस तसंच चित्र फिरलं. सासीचा अंगठा खाली पडला आणि त्याचा आवाज आला.

तो चौकोन रिकामा नव्हता, भाई. बाकीच्या आठांत तुझी वाक्यं होती. हा एकच कोणी त्याला भरून दिलेला नव्हता, म्हणून त्याने तो स्वतःसाठी घेतला. सुरुवातीला त्याचं खाकरणं आहे. मागे काठ्यांचे आवाज आहेत, आणि माझा आवाज आहे. मी अंगणात शेजारणीशी तेलाच्या वाट्यावरून भांडते आहे. मग तो बोलतो, जड जिभेने, पण लिलाव संपवताना बोलायचा त्याच ठेक्यात. म्हणतो की मबरूका, नळी नको, बोली संपली, माळ खाली उतरव आणि मला घरी ने.

मी डॉक्टरांना ऐकवलं. त्यांनी उभं राहून पूर्ण ऐकलं. मग म्हणाले की हे त्या दिवशी ऐकू आलं असतं तर नळी घातली नसती, पण घातलेली काढणं म्हणजे स्वतःच्या हातांनी जीव घेणं, ते मी करणार नाही आणि इथे दुसरं कोणी करणार नाही. श्वासाचं यंत्र घरी नेता येईल का, असं मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

नवा टॅब्लेट नको. त्याच्यात सासी नसेल. हाच ठेवते. दोष विचारलेस म्हणून सांगते, की अंगठ्याखालचा कोपरा आता पहिल्याच स्पर्शाला ऐकतो. त्याच्या बदल्यात वरचं 'हो' मुकं झालं आहे, पण त्याची कोणाला गरज पडत नाही.

पहाटे बाजार भरायच्या वेळेला तो सुरू करतो. अंगठा दाबतो, वाक्य वाजतं, त्यामागे अंगणातली मी भांडून संपते, आणि मग तो माझ्याकडे बघत थांबतो. मी गप्प राहते. आणि आमच्या घरात गप्प राहण्याचा अर्थ काय होतो, हे मी तुला लिहिलंच आहे. त्याचे डोळे दाराकडे वळतात. सौदा पक्का झाला असं समजून तो घरी निघायची वाट पाहतो.

येता आलं तर ये. समजावून सांगायला नको, नुसता ये.

तुझीच
मबरूका