बोया का बंद पडला

बाबा,

आपल्या मनोरीसमोरच्या त्या पिवळ्या डब्याबद्दलची टिपणी गेल्या आठवड्यात मी लिहिली आणि तिच्यावर सही केली. तुम्ही त्याला कधी बोया म्हटलं नाहीत, डबाच म्हणायचात. खोल पाण्यात साखळीने नांगरलेला, वारा आणि लाटा मोजून आमच्या हवामान खात्याला कळवणारा डबा. त्याच्या आकड्यांवरून आम्ही बोटींना इशारे देत आलो. आता तो नाही. सहा वाजून गेलेत, अंधेरीच्या या कार्यालयातून उठून कांदिवलीला जायचं, कुकर लावायचा, पण अंगात त्राण नाही म्हणून बसून राहिले आहे.

मी नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्याच वर्षी तो अचानक मुका झाला होता, आठवतं? दुरुस्तीला गेलेल्यांनी फोटो आणले. टेबलावर फोटो पसरलेत, सगळे वाकून बघतायत, कोणीतरी म्हणतंय, "हे मच्छीमार काय सुधारणार नाहीत यार," आणि मला दिसतोय बोयाच्या चौकटीत अडकलेला दोराचा तुकडा, त्याला आईच्या जांभळ्या लुगड्याची चिंधी. आपले दोर ओळखू यावेत म्हणून आईच त्या बांधायची. रविवारी मार्व्याहून फेरीबोटीने घरी आले तर आई विळीवर भलामोठा कुपा मासा चिरत बसलेली. कुठे मिळाला म्हणून विचारलं, तर तुम्ही सरळ सांगून टाकलंत, "तुमच्या पिवल्या डब्याखाली. सावलीला मासली जमते. डब्याला दोर बांधला का बोट हलत नाय." मी भडकले. ते नाजूक यंत्र आहे, तुमच्याचसाठी टाकलंय, तुम्हीच मोडताय, असं बरंच बोलले. शिकलेल्या मुलीचा आवाज होता तो, आज आठवला तरी लाज वाटते. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "आमच्यासाठी टाकलाय, तर टाकताना आमाला कोनी सांगितला?" एवढं बोलून म्हणालात, जेव आता. आणि मी जेवले, तोच कुपा, दोन तुकड्या.

पुढच्या महिन्यात मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत तुम्ही उभे राहिलात. जन्मात कधी चार लोकांत बोलला नव्हतात. डब्याला कोणी दोर बांधायचा नाही, एवढंच सांगून खाली बसलात. पोर सरकारात गेली तर बापूस पन साहेब झाला, म्हणून लोक हसले, तुम्हीही हसलात. पण गावाने ऐकलं. आपल्या घरात त्यानंतर तिथला कुपा आला नाही. त्याऐवजी तुमचा फोन यायचा, "डबा उभा हाय गो. दिवा लागतोय." एकदा तर दिवा बंद असल्याचं आमच्या यंत्रांच्या आधी तुम्ही कळवलंत. कार्यालयात सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं होतं. तुम्हाला ते सांगायचं राहून गेलं. खरं तर फोनवर मी नेहमीच घाईत असायचे.

आता काय झालंय ते सांगते. नव्या इमारतीला पैसे मिळतात, नव्या यंत्राला मिळतात, कारण त्याची फीत कापता येते. समुद्रातली गंजलेली साखळी बदलायला कोण मंत्री येणार? देखभालीचा निधी दरवर्षी थोडा थोडा छाटत आणला. दुरुस्तीच्या जहाजाची फेरी मंजुरीविना अडकली. दोन पावसाळे गेले, बॅटऱ्या संपल्या, शेवटी साखळी तुटून डबा वाहून गेला. दिल्लीने कारण विचारलं. आमचे साहेब माणूस वाईट नाहीत, थकलेले आहेत, माझ्यासारखेच. म्हणाले, "निधी नव्हता असं लिहिलं ना, तर सांभाळता येत नसतील तर बाकीचेही काढा म्हणतील. मच्छीमारांनी नुकसान केलं असं लिहा. त्यावर कोणी काही विचारत नाही. आणि तुम्ही त्याच गावच्या, तुमच्या सहीला वजन येईल." बाकीचे बोये वाचतील हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी दुपारपर्यंत वेळ मागितला आणि दुपारी लिहिलं: स्थानिक मच्छीमारांकडून वारंवार होणारी हानी.

आज सोसायटीला चौकशीचं पत्र मिळालं. धाकट्याचा फोन आला, तुम्ही गेल्यापासून तुमची बोट तोच चालवतो. "ताय, कोनी बांधला असल गो दोर? सगले एकमेकांकडे संशयाने बघतान. बाबांनी सांगितल्यापासून कोन बांधत नाय ना." मी म्हटलं, चौकशी चालू आहे. तो म्हणाला, "तू हायस ना तिथे, बघ जरा." मग नेहमीसारखं उद्याचा वारा कसा आहे ते विचारलं. आता डब्याशिवाय जो अंदाज निघतो तो सांगितला. डबा नाही, अंदाज कच्चा आहे, हे सांगितलं नाही.

तुमच्या एका शब्दावर गावाने इतकी वर्षं त्या डब्याला हात लावला नाही. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं आणि ते लिहिण्याची जागा ती टिपणी होती. तिथे मला जमलं नाही. तुम्हाला लिहिलं, कारण हे पत्र कोणाच्याही हाती पडणार नाही याची मला खात्री आहे.