बोटभर उजवीकडे

प्रिय अंकुश,

तुझी चिठ्ठी हणमंतप्पाने आणून दिली. सरहद्दीपलीकडे लढणाऱ्या पोरांच्या कॅम्पात तू सुखरूप आहेस हे वाचून आधी पोटभर रडले, मग तुझा रागच आला. दाजींनी दिलेलं पिस्तूल डावीकडे मारतं, म्हणून आता नवं हवं, आणि तेही दाजींनीच गुलबर्ग्याहून आणून पाठवावं! लहानपणी विटी हुकली की दांडू बदलून मागायचास, अजून तसाच आहेस.

अरे, त्या पिस्तुलाची खोड त्यांना ठाऊक नव्हती का? तूर विकायला गुलबर्ग्याला गेले की ओळखीच्या एका माणसाकडे नवी पिस्तुलं हातात घेऊन बघत बसायचे आणि तशीच ठेवून यायचे. मी चिडवलं की म्हणायचे, "पिस्तूल नवं आणलं म्हनून हात नवा व्हतोय व्हय?" मग सकाळी ओढ्याकाठी मडक्यावर चुन्याचा ठिपका द्यायचे आणि सुरू. गोळ्या संपल्या की रिकामं पिस्तूल धरून उभे राहायचे. शेजारची ईरम्मा म्हणायची, तुझ्या नवऱ्याला खूळ लागलंय. पण ठिपका उडायचा. तुलाही तिथंच शिकवलं ना? "बोटभर उजवीकडं धर की, कामून घाई करायलास?" असं ओरडले की तू रुसून माझ्याकडे चुलीपाशी यायचास.

तू कॅम्पात निघालास तेव्हा त्यांनी तेच पिस्तूल तुझ्या हातात ठेवलं. हात बसलेलं हत्यार त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नसतं. दिवस वाईट, घरात काहीतरी हवं, म्हणून मग स्वतःसाठी नवं आणलं. देखणं होतं, सरळ मारणारं. पण आपल्याकडे नवं हत्यार खंडेनवमीची पूजा झाल्याशिवाय चालवत नाहीत. हळदकुंकू लावून त्यांनी ते देवघरात ठेवलं. दसरा लांब होता. ओढ्याकाठी जाणं बंद झालं, आणि सकाळी घरात बसलेला माणूस मला बरा वाटायचा.

ज्येष्ठात गावावर टोळी आली. दाजींनी देवघरातलं पिस्तूल उचललं आणि वेशीत जाऊन उभे राहिले. मी मागे होते, सगळं पाहिलं. समोरचा माणूस अगदी जवळ होता. पिस्तूल नवं, पण हाताला सवय जुन्याची. त्यांनी बोटभर उजवीकडे धरलं. गोळी त्या माणसाच्या बाजूने वेशीच्या लाकडात शिरली. दुसरी झाडायला त्यांना सवड मिळाली नाही.

अंकुश, तुझे दाजी गेले रे. रस्ते बंद होते म्हणून कळवलं नाही, असं लिहिणार होते. पण खरं म्हणजे तू रागाच्या भरात धावत येशील याची धास्ती होती. चिठ्ठीत तू त्यांना नमस्कार लिहिलास, तो मी आता कुणाला सांगू? नवं पिस्तूल ती माणसं घेऊन गेली. गेलं ते बरंच झालं. तुझ्याजवळचं मात्र बदलू नकोस, त्यांचा हात आता तेवढ्यातच उरला आहे. मला तुझ्याशिवाय कुणी नाही. रोज सकाळी सराव कर, गोळ्या नसतील तर रिकामंच धरून उभा राहा. घाई करू नकोस. बोटभर उजवीकडे धर.

तुझीच वाट पाहणारी,
गीताअक्का