चौथं डोकं

सिंगापूर,
८ जून १९७५

ती. अक्कास,
सेल्वदुरैचा शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही सारे खुशाल. अम्माचा गुडघा आता बराच बरा आहे. ताइपिंगचा पाऊस नेहमीसारखा असेलच, तेव्हा आमच्या अत्तानना, तुझ्या नवरोबांना, छत्रीशिवाय बाहेर सोडू नकोस. स्टेशनमास्तरकी संपली तरी त्यांची स्टेशनवरची फेरी संपलेली नाही, हे मला ठाऊक आहे.

आमच्या सरकारनं गेल्या सोमवारपासून नवं खूळ काढलंय. सकाळी साडेसात ते साडेनऊ शहराच्या मधल्या भागात मोटार न्यायची, तर काचेवर परवाना चिकटवायचा. रोजचे तीन डॉलर. वेशीवर रस्त्याच्या डोक्यावर मोठाल्या पाट्या टांगल्यात आणि खाली पोलीस डोळे वटारून उभे. आता तूच सांग, रस्ता माझ्या करातून झाला, मोटारीचे हप्ते मी फेडतोय, आणि ऑफिसला जायला वर दक्षिणा कसली? तुझी भावजय नेसम म्हणते की तीन डॉलरपायी मी तीस डॉलरचं रक्त आटवतोय. आटवीन, पण देणार नाही.

पहिल्या दिवशी साडेसाताच्या आत वेस ओलांडावी म्हणून अंधारातच निघालो, तर अख्ख्या सिंगापूरला तीच अक्कल सुचलेली. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या रस्त्यानं वळसा घातला, तिथं मुंगीला वाट मिळेना. तिसऱ्या दिवशी पाटीच्या अलीकडे झाडाखाली गाडी लावून साडेनऊची वाट बघत बसलो. तिथं आधीच वीसेक साहेबलोक तोच जप करत बसले होते आणि एक चिनी बाई त्यांना कॉफी आणि टोस्ट विकत होती. धंदा तिचाच जोरात. ऑफिसात मात्र आमच्या साहेबांनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

पण शेवटी कायद्यातली वाट सापडली. गाडीत चार माणसं असली की परवाना लागत नाही. मी, नेसम आणि शेजारचे मिस्टर डॅनकर, असे तीन तर होतोच. चौथ्यासाठी मी दोन दिवस डोकं खाजवलं, आणि शुक्रवारी लक्षात आलं की अम्मा घरात नुसती बसूनच असते.

माझ्या भाचीची, पुवनाची, तब्येत कळव. लोभ आहेच, तो पावसात भिजू देऊ नये.
तुझा,
सेल्वदुरै

ताइपिंग,
१९ जून १९७५

चि. सेल्वास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. ते वाचून हे हसले आणि मी कपाळाला हात लावला. अडुसष्ट वर्षांच्या आईला तू मोटारीत भरतीचं सामान म्हणून घालतोस आणि वर ते मला लिहूनही कळवतोस. वेस ओलांडली की तिचं काय करतोस रे? ऑफिसच्या दारात उभी करतोस, का बसच्या तिकिटाचे पैसे हातावर ठेवून परत पिटाळतोस? लहानपणी वाटीतला शेवटचा वडाही तू दुसऱ्याला मिळू द्यायचा नाहीस, तोच हा स्वभाव.

तर मुद्द्याचं बोलते. अप्पा गेल्यापासून ठरलंय की जानेवारी ते जून अम्मा तुझी आणि जुलै ते डिसेंबर माझी. यंदा तर पुवनाचं पहिलं बाळंतपण आहे, सप्टेंबरअखेरीस. पथ्याचा स्वयंपाक, तेलाचं माखणं, बाळाची न्हाणी, हे अम्माशिवाय कोण करणार? मला तर कढीपत्ता किती घालायचा तेही आठवत नाही. तेव्हा तुझ्या सरकारनं काहीही ठरवलं तरी अम्मा माझ्याकडे यायची ती यायचीच. तुझ्यावर विसंबून राहिले तर पोर शाळेत जाईल, म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात यांनाच तिला न्यायला पाठवते आहे.

नेसमला सांग, दमानं घे. मुलांना पापे. मोठ्या बहिणीचा राग हाही आशीर्वादच समजून घ्यावा.
तुझी,
तंगम अक्का

सिंगापूर,
१३ जुलै १९७५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

अत्तान सुखरूप पोचले. तू पाठवलेली लोणच्याची बरणीही सुखरूप पोचली, म्हणजे तुझा राग फार नसावा.

आधी तुझ्या आरोपाचं उत्तर देतो. अम्माला गाडीत मी राणीसारखं बसवतो. सुरुवातीला ती नेसमच्या खांद्यावर कलंडून झोपायची. त्यामुळे पाटीखालच्या पोलिसाला तीनच डोकी दिसली आणि त्यानं शिटी फुंकून गाडी थांबवली. मी खिडकीतून चौथं डोकं वर करून दाखवलं, तेव्हा कुठं सुटलो. तेव्हापासून तिच्याखाली उशी ठेवतो आणि वेस आली की ताठ बसायला सांगतो. बसतेही बिचारी. उतरल्यावर ती बसनं कुठं जाते ते मी विचारलं नाही, पण दुपारच्या जेवणाआधी घरी असते.

आता गंमत ऐक. अत्तानना एकदा सहज बरोबर नेलं, तर ते पाटीवर फिदाच झाले. म्हणाले, हा रस्त्यावरचा सिग्नलच आहे, फक्त हाताळणारी माणसं कच्ची आहेत. परवा त्यांनी उतरून एका पोलिसाला हिरवी झेंडी कशी धरावी ते शिकवलं. आता रोज सकाळी बूट घालून तेच आधी तयार असतात. पुढची जागा त्यांची. महिनाअखेरपर्यंत राहतो म्हणतात. त्यांच्यामागून पुन्हा माझी पंचाईत होणार, म्हणून अम्माला इतक्यात पाठवता येत नाही, हे तू समजून घेशीलच.

शिवाय आता अम्माला विश्रांती आहे. सोमवारी ती धुवट साडी नेसून, उशी काखेत घेऊन पायरीवर उभी होती. मी सांगितलं, आज नको, आमचे चार झाले. तशीच आत गेली. बघ, आईची मी किती काळजी घेतो.

माया पातळ होऊ नये.
तुझा,
सेल्वदुरै

ताइपिंग,
२२ जुलै १९७५

चि. सेल्वास,
आशीर्वाद देते, पण थोडेच.

आईला आणायला पाठवलेला नवरा तू ठेवून घेतलास आणि आईही दिली नाहीस. असा व्यवहार आमच्या बाजारातला मासेवालासुद्धा करत नाही. यांना मी तार केली आहे. शुक्रवारच्या गाडीत यांना बसव आणि अम्माला यांच्याशेजारी बसव, उशीसकट. पुवनाचे पाय सुजलेत आणि ती रोज आजी कधी येणार म्हणून माझं डोकं खाते.

बाकी समक्ष भेटीत, आणि ते ऐकायला तुला बरं वाटणार नाही.
तंगम अक्का

सिंगापूर,
१० ऑगस्ट १९७५

चि. तंगमला,
अनेक आशीर्वाद. पुवनाला आणि तिच्या पोटातल्याला वेगळे.

अक्षर वाकडं आहे, लावून वाच. बऱ्याच वर्षांनी स्वतःच्या हातानं लिहिते आहे. जावई एकटेच परत आले म्हणून त्यांच्यावर चिडू नकोस. तू तारेत लिहिलेल्या शुक्रवारी ते टोपली घेऊन दारात उभे होते, मीच येत नाही म्हटलं. जाताना म्हणाले की तंगमला मी काय सांगू? मी म्हटलं, मी लिहीन.

तर लिहिते. सेल्वानं मला पहिल्यांदा गाडीत घातलं तेव्हा मला रागच आला होता. पण पाटीखालून जाताना तो पोलीस बोट दाखवून मोजतो, एक, दोन, तीन, चार. चौथं बोट माझ्याकडे. तुझे अप्पा गेल्यापासून मला असं कुणी मोजलं नव्हतं ग. एखाद्या साहेबाएवढीच मी भरत होते. म्हणून ताठ बसायचे. सेल्वाला वाटायचं, तो सांगतो म्हणून.

मग जावई आले आणि एका सोमवारी मला पायरीवरून परत फिरवलं. आत जाऊन तांदूळ निवडायला बसले आणि मला रडू आलं. तुला सांगायला लाज कसली. मग उठले, साडी नेसलेलीच होते, ती बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. तिथं एकदोन माणसं कमी असलेल्या मोटारी थांबतात आणि थांब्यावरच्या माणसांना वर घेतात. चौथ्या माणसाला हल्ली इकडे फार मान आहे. क्वेक नावाचा बँकेतला एक चिनी मुलगा थांबला. खाली उतरला, दार उघडलं आणि बाजारी मलायीत विचारलं की अम्मा, शहरात येता का? तंगम, त्यानं विचारलं. पुढं बसवलं. मागं दोन मलायी मुली, त्या मला वांग्याची कृती विचारतात. तेव्हापासून रोज त्याच्याच गाडीनं जाते. मारियम्मनच्या देवळापाशी उतरते, हारवाल्या बायकांत बसून जाई ओवते आणि बसनं परत येते. सकाळचे रस्ते इतके रिकामे झालेत की पुलावरून नदी नीट दिसते. संध्याकाळी मात्र तीच कोंडी आणि तीच शिवीगाळ.

जावई गेल्यावर सेल्वाचे पुन्हा तीन राहिले; तो मला हाक मारेपर्यंत मी थांब्यावर गेलेली असायचे, त्याला वाटायचं देवळात. त्यात या महिन्यापासून सरकारनं वेळ सव्वादहापर्यंत वाढवली. मंगळवारी आम्ही पाटीकडे चाललो होतो, तर झाडाखाली तो टोस्ट खात बसलेला, डॅनकर पेंगतोय, नेसम पंख्यानं वारा घेतेय. त्यानं मला पाहिलं. मी ताठ बसले होते. पोलिसानं चार मोजले आणि आम्ही पुढं गेलो.

संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मग हळूच म्हणाला की अम्मा, उद्या आमच्याबरोबर येशील का? मी तांदळाचा पिट्टू उकडत होते, तोंड फिरवून घेतलं, कारण डोळे भरले होते. पण म्हटलं, क्वेकला विचारून सांगते. तो मुलगा माझ्या भरवशावर निघतो, त्याला असं अर्ध्यावर सोडता येत नाही. सेल्वा मान हलवून गेला. बुधवारी त्यानं तीन डॉलरचा परवाना काढला. नेसम म्हणते, चिकटवताना काचेला शिव्या देत होता.

तुझ्यावर माझा राग नाही. पण तुझी पत्रं सेल्वानं मला वाचून दाखवली, आणि अम्माला बसव, अम्माला पाठव, अम्मा माझ्या वाट्याची, हे सगळं त्यात होतं. येशील का, एवढं कुठं नव्हतं. तेव्हा आता एकदा तू मला पत्र लिही, माझ्या नावानं, आणि विचार. गाडीचं तिकीट मी स्वतः काढीन. तुझ्या पत्राची वाट बघते आहे, आणि तोवर पथ्याची हळद दळून, बाळाच्या दुपट्यांना टाके घालून ट्रंकेत भरायला घेतलं आहे.

मायेला खंड नसावा.
तुझी अम्मा,
वल्लिअम्मै