दोन्ही डिस्कवरून पुसलेले बाबा

अगं,

कॉम्प्युटरच्या दोन्ही डिस्क घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलोय. तुझा नुकता डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही.

त्यांच्यात मिररिंग आहे, म्हणजे एका डिस्कवर जे घडतं ते लगेच दुसरीवरही घडतं, अगदी पुसणंसुद्धा. म्हणून तुझ्या हातून चुकून पुसलेली बाबांची रेकॉर्डिंग्ज दोन्हीकडून गेली. तुझा भाऊ म्हणतो, प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे जादा वेग, चालू करा, सापडतील. त्यामुळे फक्त पंखा जास्त ओरडेल. दुरुस्तीवाला फोनवर ‘बघतो’ म्हणालाय.

स्वतःला बोल लावू नकोस. माझा जुना फोन उशाशी ठेवलाय. त्यात बाबांचा एक निरोप आहे. जावयाला साधा खिळा ठोकता येत नाही, यावर ते सविस्तर बोललेत. मला तो कधी पुसवला नाही. मी येईपर्यंत ऐक. हसलीस तरी चालेल.